राजवाडे राहिले, आराखड्यांचे काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले हे नाट्यगृह एका रात्रीत राखेचा ढीग झाले. रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून रडले. त्या अश्रूंच्या खरेपणाविषयी कोणालाही शंका नाही. पाठोपाठ आश्वासने आली. नाट्यगृह 'जसे होते तसे' पुन्हा उभारू, असे सांगण्यात आले आणि पुढे कामही हाती घेतले गेले.

प्रस्तुत लेख 'जसे होते तसे' या तीन शब्दांविषयी आहे. भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाने तरी ते सहजासहजी गिळू नयेत. 'जसे होते' म्हणजे केव्हा जसे होते? १९१५ साली पडदा प्रथम वर गेला तेव्हा, की शंभर वर्षांतल्या दुरुस्त्या, रंगरंगोट्या आणि नूतनीकरणे पोटात घेऊन ते आगीच्या आदल्या दिवशी उभे होते तेव्हा? कोणाच्या सांगण्यावरून जसे होते? छायाचित्रांवरून, जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीवरून, की मूळ आराखड्यांवरून? रंगमंचाखाली पाणी होते आणि त्यामुळे नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असे, ही आख्यायिका प्रत्येक कोल्हापूरकराने ऐकलेली असते. पण आख्यायिकेवरून सुतार तुळई कापू शकत नाही. त्याला इंच लागतात.

रकमेच्या आकड्यांवर जाहीर चर्चा पुष्कळ झाली. आराखड्यांवर मात्र तितक्याच तळमळीने कोणी बोलले नाही. कोल्हापूर स्वतःला 'कलापूर' म्हणवते, आणि ते अकारण नव्हे. परंतु या कलापुराने 'कला' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत हे शहर ज्या कागदांवर उभे राहिले त्या कागदांना जागा नाही, आणि ही जागा करून देणे हे कलाशाळांचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्यांना ते अतिरेकी वाटेल त्यांनी पुढचे वाचावे आणि मग वाद घालावा.

१

आधी आराखडा म्हणजे काय ते पाहू. साहित्याच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर आराखडा ही इमारतीची संहिता आहे आणि इमारत हा तिचा प्रयोग आहे. नाटकाच्या संहितेत आणि प्रयोगात जे अंतर असते तेच आराखडा आणि इमारत यांच्यातही असते. कागदावरची कमान जागेवर येता येता बुटकी होते, कारण दगड तेवढाच मिळाला. कागदावरचा जिना वळतो तिथे प्रत्यक्षात भिंत येते, कारण मालकाचे मन बदलले. हे सारे बदल आराखड्यांवरच्या खाडाखोडीत, दुरुस्तीच्या दुसऱ्या शाईत, समासातल्या टिपणांत उमटलेले असतात. एका इमारतीचा एकच आराखडा कधीच नसतो. कच्चे रेखाटन, मालकाला दाखवायचे रंगीत चित्र, मंजुरीचा नकाशा, कामावरचा नकाशा, खिडकीच्या चौकटीचा पूर्ण मापातला तपशील, काम संपल्यावर झालेल्या बदलांची नोंद अशी त्याची आवर्तने असतात. पाठभेदांचे महत्त्व ज्यांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही, त्या वाचकांसमोर हे लिहीत आहे.

आपल्याकडे या गोष्टीची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले आणि १९६६ साली ते पूर्ण केले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी धुंडाळली गेली. सुखटणकरांसारख्या विद्वानाने आयुष्याची उमेदीची वर्षे पाठ ठरवण्यात घालवली, आणि त्याबद्दल 'एवढा खटाटोप कशाला, महाभारताची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे' असे कोणी म्हटले नाही. राजवाड्यांनी तर वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडून कागद सोडवून आणले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड प्रसिद्ध केली. मराठी माणसाने कागदावर इतके प्रेम केले आहे. मात्र हे प्रेम अक्षरांपाशी येऊन थांबले. ज्या कागदावर अक्षरांऐवजी रेषा होत्या तो कागद 'साधन' ठरला नाही. राजवाडे पुष्कळांनी जपले. नकाशांचा राजवाडे मात्र अजून जन्मायचा आहे.

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला तेव्हा महाराष्ट्रातल्या विचारी माणसांनी जो संताप व्यक्त केला तो योग्यच होता. पण जमाव एका दिवसात करतो ते काम वाळवी, ओल आणि रद्दीवाला वर्षानुवर्षे शांतपणे करत असतात. त्यांच्याविरुद्ध निषेधसभा भरत नाही. आपल्याला विध्वंस तेव्हाच दिसतो, जेव्हा त्याला आवाज असतो.

२

आता कोल्हापूर. या शहराच्या इमारतींचा इतिहास हा थेट आराखड्यांचा इतिहास आहे. रॉयल इंजिनिअर्समधला मेजर चार्ल्स मँट याने इथला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा यांची रचना केली. टाऊन हॉल १८७६ पर्यंत पुरा झाला. नव्या राजवाड्याचे काम १८७७ च्या सुमारास सुरू झाले आणि १८८४ साली पूर्ण झाले. मँट मात्र १८८१ सालीच वारला होता. म्हणजे आज कोल्हापूरच्या प्रत्येक माहितीपत्रकावर ज्याचे छायाचित्र असते त्या वास्तूची शेवटची तीन वर्षे तिचा कर्ता हयातच नव्हता. ती पुरी झाली ती मागे राहिलेल्या कागदांवरून आणि ते कागद वाचता येणाऱ्या माणसांच्या हातांवरून. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचेही तसेच. मँटने आरंभ केला आणि रॉबर्ट चिझम याने १८९० मध्ये पूर्णत्वाला नेला. हा चिझम मद्रासच्या कलाशाळेचा प्रमुख राहिलेला होता, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कलाशाळा आणि वास्तू यांचे नाते त्या काळी किती जवळचे होते याची ती खूण आहे.

पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत तर हे शहर अक्षरशः कागदावर आधी आखले गेले. १८९५ सालची शाहूपुरी ही व्यापारपेठ आणि १९१७ साली वसवलेले जयसिंगपूर ही आखीव वसाहतींची उदाहरणे आहेत. जयसिंगपूरच्या काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवरून आजही चालताना, पायांखाली कोणा आरेखकाची पट्टी आहे असे जाणवते. खासबाग मैदान, पॅलेस थिएटर, राधानगरीचे धरण ही सारी त्याच वृत्तीची अपत्ये. शाहू महाराजांच्या पत्रांचे आणि हुकुमांचे खंड निघाले, अभ्यासले गेले, त्यांच्यावर प्रबंध झाले. ते व्हायलाच हवे होते. परंतु ज्या राजाने रस्ता किती फूट रुंद असावा याचाही विचार केला, त्याच्या राज्याचा इतिहास केवळ हुकुमांच्या आधारे लिहिणे म्हणजे संगीत नाटकातली पदे गाळून नाटक वाचण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट चित्रपटाची. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे हे एका अर्थी वास्तुचित्रेच होती. सपाट कापडावर यथादर्शनाच्या जोरावर राजसभा, महाल आणि रस्ते उभे करायचे. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत रंगवलेल्या पडद्याऐवजी घडीव, त्रिमित नेपथ्य आणले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या फत्तेलाल, दामले, शांताराम यांनी १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली, आणि प्रभातच्या नेपथ्याची कीर्ती आजही सांगितली जाते. ते नेपथ्य लाकूड, तरट आणि प्लॅस्टरचे होते. चित्रण संपले की मोडले जायचे. म्हणजे इथे तर 'इमारत' मुळातच क्षणभंगुर होती. मागे उरू शकत होती ती फक्त दोन साधने, फिल्म आणि रेखाटने. मूकपटांपैकी बहुतेक काळाच्या पोटात गेले. १९४८ च्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जळाला. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि त्यातही जुन्या चित्रपटांचा ऐवज गेला. आगींची ही यादी वाचून तरी नेपथ्याच्या प्रत्येक कागदाला सोन्याचे मोल यायला हवे होते.

आणि तरी कोल्हापूर आबालाल रहिमानांची दंतकथा मोठ्या हौसेने सांगते. १९२२ साली शाहू महाराज गेले आणि आबालालांनी आपली चित्रे तळ्यात बुडवली, अशी ती कथा. कथा खरी असो वा खोटी, ती सांगताना आपल्या आवाजात जो अभिमान उतरतो तो मला खटकतो. कलावंताच्या दुःखापुढे नम्र व्हावे हे मान्य. परंतु ज्या शहराची सर्वांत लाडकी कलाकथा ही चित्रे बुडवण्याची कथा आहे, त्या शहराने स्वतःला जरा प्रश्न विचारावेत.

३

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप चित्रकारांचा असतो. आराखडे हे तांत्रिक कागद आहेत. त्यांत अभिव्यक्ती नाही. कलाशाळेच्या संग्रहात त्यांचे काय काम? हा आक्षेप घेणाऱ्यांनी एखाद्या जुन्या वास्तुचित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे ॲक्सेल हेग याने १८७८ साली जलरंगात काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. इमारत उभी राहण्याआधीच ती लोकांच्या मनात उभी करण्याचे काम त्या चित्राने केले. पण रंगीत चित्राचाच दाखला कशाला हवा? साध्या छेदचित्रातही भिंतीची जाड रेघ आणि खिडकीची बारीक रेघ यांच्या वजनात जो विवेक असतो तो रेखाटनकाराचाच विवेक आहे. महाराष्ट्रात एलिमेंट्री आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्या लाखो मुलांना भूमिती आणि चित्र एकाच पेटीतून बाहेर काढायला शिकवले गेले. मोठेपणी त्यांनी कंपासपेटी 'तंत्रा'कडे आणि रंगपेटी 'कले'कडे कधी वाटून टाकली, हे त्यांचे त्यांनाच कळले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. तो असा की आराखड्यांचा संग्रह हा मुळात साहेबाच्या परंपरेचा गौरव आहे. आपल्या पाथरवटाने, सुताराने, गवंड्याने देवळे आणि वाडे उभारले ते कागदाशिवाय. सूत्र, दोरी आणि डोळा यांच्या बळावर. कागद जपला की मँट राहील आणि मिस्त्री नाहीसा होईल. या आक्षेपातली अर्धी गोष्ट खरी आहे. कागदावर सही करण्याचा अधिकार ज्याला होता त्याचेच नाव राहते. पण उरलेली अर्धी गोष्ट नेमकी उलटी आहे. कागद नाहीसे झाले की मिस्त्रीच आधी नाहीसा होतो. मँटचे नाव राखायला आराखडा लागत नाही. त्यासाठी गॅझेटियर आणि कोनशिला पुरेशा आहेत. ज्याच्यासाठी कोनशिला नाही त्याचा पुरावा फक्त कामाच्या कागदांत सापडतो. हजेरीपटात, बिलांत, दगडाच्या साच्यांत, आराखड्याच्या कोपऱ्यात कोणी दुसऱ्याच हाताने मोडीत टाकलेल्या मापात. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सबरोबर सीताराम खंडेराव हे साहाय्यक अभियंता होते हे आज आपण सांगू शकतो, ते नोंदी राहिल्या म्हणूनच. जिथे नोंदी राहत नाहीत तिथे सारे श्रेय एका साहेबाच्या नावावर जमा होते आणि पुढची शंभर वर्षे व्याज खात बसते. वंचितांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी तर या रद्दीसाठी भांडायला हवे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. इमारत समोर उभी आहे, हवे तेव्हा मोजून घ्या. नकाशा कशाला सांभाळायचा? या आक्षेपाला ८ ऑगस्टच्या रात्रीने जे उत्तर दिले आहे त्याहून चांगले उत्तर मला देता येणार नाही.

४

चौथा आक्षेप स्थळाचा आहे. मान्य, आराखडे जपावेत. पण ते पुराभिलेखागाराने जपावेत, बांधकाम खात्याने जपावेत, कलाशाळेने कशासाठी? कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे आणि संस्थानाच्या दप्तराचा मोठा ठेवा तिथे आहे. मूळ कागद तिथे असणे योग्यच. परंतु अभिलेखागार कागद ठेवते. तो वाचणारा घडवत नाही. बांधकाम खात्याला कागद इमारत वापरात आहे तोवरच हवा असतो. रेषा वाचता येणारा, तिच्याकडे पाहून हात चालवणारा विद्यार्थी फक्त दोन ठिकाणी असतो, कलाशाळेत आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयात. न वाचला जाणारा संग्रह हा संग्रह नसतो, ती साठवण असते.

शिवाय नोंद ठेवणे हे भारतीय कलाशाळेचे मूळ कार्यच होते. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून अजिंठ्याला जात राहिला आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिला. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्या कामात तयार झाले. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या; ग्रिफिथ्सच्या चमूच्या कित्येक प्रतिकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. तरीही ज्या उरल्या त्या आज अमूल्य आहेत, कारण मधल्या काळात अजिंठ्याच्या मूळ चित्रांचेही रंग आणि तुकडे गेले. नोंदीचे महत्त्व नोंद होते त्या दिवशी कधीच कळत नाही. पुढे त्याच शाळेच्या वास्तुविभागात क्लॉड बॅटलीने विद्यार्थ्यांना जुन्या इमारती मोजायला धाडले, आणि अशा मोजीव आराखड्यांचे त्याचे पुस्तक १९३४ साली निघाले. १९५८ साली वास्तुकलेचा विभाग कलाशाळेपासून वेगळा झाला. प्रशासनाच्या सोयीसाठी ते ठीक असेल. पण त्या दिवसापासून आपल्या मनातही भिंत उभी राहिली. चित्रकार आराखड्याकडे पाहीनासा झाला आणि वास्तुकाराने आराखड्याला चित्र म्हणणे सोडले. दोघांच्या मधल्या बोळात कागद कुजत राहिले.

कोल्हापुरातही दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांसारख्या संस्थांनी पिढ्या घडवल्या. त्यांच्याविषयी आदर आहे म्हणूनच अपेक्षा आहे. कोणत्याही जुन्या संस्थेत जा, व्यक्तिचित्र चौकटीत असते आणि भिंतीवर असते. आराखडा गुंडाळी होऊन कपाटावर असतो. हा क्रम बदला, एवढीच मागणी आहे.

'स्कॅन करून टाका, झाले' हा पाचवा आणि सध्याचा सर्वांत लोकप्रिय आक्षेप. स्कॅन जरूर करावे. पण आराखड्याचा कागद हीच एक माहिती असते. स्टार्च लावलेले ट्रेसिंग क्लॉथ पाण्याने खराब होते. धुतले तर मात्र उत्तम मऊ कापड मिळते, आणि परदेशांत अशा धुतलेल्या आराखड्यांचे रुमाल झाल्याच्या हकिकती आहेत. निळी ब्ल्यूप्रिंट उजेडात फिकी होते, आणि इतर कागदांसाठी चांगले मानले जाणारे अल्कधर्मी वेष्टनही तिला मारक ठरते. अमोनिया प्रिंट तर झाकून ठेवली तरी विटत जाते. ट्रेसिंग पेपर ठिसूळ होतो आणि गुंडाळी उघडताच तुटतो. म्हणजे एकाच कपाटातल्या चार गुंडाळ्यांना चार वेगळे आजार असतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यांची काय गत होत असेल याची कल्पना करावी. हे ज्ञान स्कॅनरपाशी नसते. ते माणसापाशी असावे लागते. आणि संगणकावर ठेवलेली आकृती अमर असते, असे ज्यांना वाटते त्यांनी वीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी उघडून दाखवावी.

५

जगात असे प्रश्न इतरांपुढेही आले आहेत. ग्लासगोच्या कलाशाळेची इमारत चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने रचली. १८९७ ते १९०९ या काळात ती दोन टप्प्यांत बांधली गेली. २३ मे २०१४ रोजी तिला आग लागली आणि तिचे जगप्रसिद्ध ग्रंथालय जळाले. शाळेच्या स्वतःच्या संग्रहात आणि शहरातल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात मॅकिंटॉशची रेखाटने होती. जुने आराखडे, छायाचित्रे आणि नवे मोजमाप एकमेकांशी ताडून पुनर्बांधणी सुरू झाली. ती बऱ्याच पुढे गेलेली असताना १५ जून २०१८ रोजी दुसरी, अधिक भयंकर आग लागली. इमारत अजून उभी राहिलेली नाही. कागद जपले म्हणून वास्तू वाचतेच असे नाही, हा त्यातला कटू धडा मी लपवत नाही. मात्र तिथे आजही 'ती कशी होती' यावर वाद घालता येतो, कारण वाद घालायला पुरावा आहे.

पॅरिसच्या नोत्र दामची गोष्ट सुखान्त आहे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तिचे मध्ययुगीन लाकडी छप्पर संपूर्ण जळाले. पण आगीच्या पाचच वर्षे आधी, २०१४ साली, रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुकारांनी ते लाकूडकाम तुळईनिशी मोजून त्याचे आराखडे काढले होते. आग लागेल म्हणून त्यांनी ते काढले नव्हते. त्या छपराचा अभ्यास व्हावा म्हणून काढले होते. त्या आराखड्यांच्या आधारे सुतारांनी नवे छप्पर घडवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. दोन अभ्यासकांच्या जिज्ञासेने एका देशाची लाज राखली. 'हे कशासाठी शिकायचे' असे विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे उदाहरण सांगावे.

६

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडतो. कारण नुसत्या हळहळीने काही होत नाही आणि मराठी लेखांना हळहळीवर संपण्याची वाईट खोड आहे.

एक. कोल्हापूर शहर आणि परिसरातल्या इमारती, वसाहती, नेपथ्य आणि पडदे यांच्या आराखड्यांची एक एकत्रित सूची व्हावी. कागद कोणाकडे आहेत याला तूर्त महत्त्व नाही. घराण्याकडे, खात्याकडे, वास्तुकाराच्या वारसांकडे असतील तिथेच राहोत. कोठे काय आहे एवढे तरी एका वहीत यावे.

दोन. कलाशाळा आणि वास्तुकला महाविद्यालये यांनी मिळून एक संग्रह चालवावा. मूळ कागद पुराभिलेखागारात आणि अभ्यासाच्या प्रती कलाशाळेत. पसरट खणांचे एक कपाट, कोरडी खोली आणि कागदाची निगा शिकलेला एक माणूस यांपासून आरंभ होऊ शकतो. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चाशी या खर्चाची तुलना करून पाहावी.

तीन. दरवर्षी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने कोल्हापुरातली एक इमारत मोजून काढावी आणि तो आराखडा संग्रहात जमा करावा. बॅटलीने हे शिकवून नव्वद वर्षे उलटली. नवे काही शोधायचे नाही. इमारत राजवाडाच हवी असेही नाही. तालमी, पेठेतली माडी, जुने चित्रपटगृह, पाणवठा, सारे मोजावे. जे 'वारसा' म्हणून जाहीर झालेले नाही ते आधी पडते.

चार. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीची संपूर्ण नोंद, जुने पुरावे, नवे आराखडे, कोणता निर्णय कशाच्या आधारे घेतला याची टिपणे, जाहीर आणि कायमस्वरूपी उपलब्ध असावी. चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक पाठाखाली तळटीप असते तशी प्रत्येक खांबाखाली असावी. काय जुन्याबरहुकूम आहे आणि काय अंदाजाने भरले आहे, हे पुढच्या पिढीला वेगळे करता यायला हवे. अंदाज करणे हा गुन्हा नाही. अंदाजाला मूळ म्हणून खपवणे हा आहे.

पाचवी गोष्ट मागणी नसून आपल्याच घरातली आहे. साहित्य शिकवणाऱ्यांनी 'संहिता' हा शब्द अक्षरांपुरता राखून ठेवणे बंद करावे. शाकुंतल कोणत्या रंगमंचावर झाले, सौभद्रचा पडदा किती फूट रुंद होता, प्रेक्षक नटापासून किती अंतरावर बसत होता, हे प्रश्न नाट्यवाङ्मयाचेच प्रश्न आहेत. संगीत नाटकावर लिहिलेल्या शेकडो पानांत राग सापडतात, ताल सापडतात, नटांच्या आठवणी सापडतात. नाट्यगृहाचा तलविन्यास क्वचितच सापडतो. ज्या जागेने त्या सुरांना आकार दिला तिची मापे आपण कधी मागितली नाहीत. न मागितलेली वस्तू कोणी जपून ठेवत नाही.

नाट्यगृह उभे राहील. तिथे नांदीही होईल आणि आपण सारे टाळ्या वाजवू. पण टाळ्या थांबल्यावर कोणी विद्यार्थी उठून विचारील की हा खांब इथेच होता हे तुम्हांला कसे कळले, तेव्हा त्याच्यासमोर एक कागद उलगडून ठेवता आला पाहिजे. तो कागद आज कोणाच्या तरी माळ्यावर असेल, किंवा उद्या कोणा विद्यार्थ्याला नव्याने काढावा लागेल. दोन्ही शक्यतांना वेळेची मर्यादा आहे. पावसाळा दरवर्षी येतो.